जिप्सीला कुठला कॅमशाफ्ट टाकू? आधी गाडी कुठल्या आरपीएमला चालते ते बघ

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या एका पोराकडं २००६ ची जिप्सी किंग आहे, एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनची, सोळा वॉल्व्हवाली. रोज कामाला तीच, महिन्यातनं एकदा-दोनदा घाटात नाहीतर ऑफरोडला, आणि वर्षातनं एखादी टीएसडी रॅली (ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर कापायची). कुणीतरी त्याला २८८ डिग्रीचा कॅमशाफ्ट (लोब म्हणजे उंचवटे असलेला, वॉल्व्ह उघडणारा दांडा) सुचवलाय आणि वर सांगितलंय की वॉल्व्हच्या स्प्रिंगा जुन्याच चालतील. त्याला विचारायचंय की कॅम कुठला घेऊ, सोबत काय काय बदलावं लागेल, आणि पैसे वसूल होतील का.

भावा, मी कोल्हापुरात उद्यमनगरात बावीस वर्षं हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या वॉल्व्हवाल्या भागाचं काम करतोय, सीट (वॉल्व्ह टेकतो ती कड) कटिंग, गाईड (वॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), फेसिंग, कॅम बसवणं, टायमिंग डिग्रीनं लावणं. तुझा २८८ चा कॅम आत्ताच बाजूला ठेव. तो वाईट आहे म्हणून नाही, तुझ्या गाडीचा नाही म्हणून. आणि ज्यानं स्प्रिंगा जुन्याच चालतील म्हणून सांगितलं त्याचं तर अजिबात ऐकू नकोस, त्यावर खाली सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त इंजिनं तिथंच मरतात.

पहिल्यांदा तुझं इंजिन काय आहे ते डोळ्यासमोर आण. जी१३बीबी, ७४ मिमी बोर, ७५.५ मिमी स्ट्रोक, १२९८ सीसी, एकच कॅमशाफ्ट, त्यावर रॉकर (लोबवरनं वॉल्व्ह दाबणारी दांडी), टॅपेट म्हणजे रॉकर आणि वॉल्व्हमधली फट स्क्रू-नटवर सेट होतंय, टायमिंग बेल्ट. कंपनीचा आकडा ८० बीएचपी ६००० आरपीएमला आणि १०३ एनएम ४५०० ला. आता यात एक छोटं गणित बघ. ६००० ला ८० बीएचपी म्हणजे त्या जागेवर इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क, साधारण ९४ एनएम राहिलेली असते, म्हणजे ४५०० नंतर इंजिनाचा श्वास हळूहळू कमी पडायला लागलाय. मोठा कॅम काय करतो तर हा श्वास पुढं ढकलतो. समजा तीच ९४ ची ओढ तू ६८०० पर्यंत टिकवलीस तर ताकद जाते ९१ च्या आसपास. म्हणजे कॅम काही नवीन ताकद जन्माला घालत नाही, तो आहे ती ओढ वरच्या आरपीएमला नेऊन ठेवतो, आणि नेताना खालनं काढून घेतो. हे खालनं काढून घेणं कुणी सांगत नाही.

म्हणून माझ्याकडं कुणी कॅम मागायला आला की मी पहिला प्रश्न एवढाच विचारतो, बाबा तुझं इंजिन दिवसभरात कुठल्या आरपीएमला असतं? तू स्वतः आठवडाभर टॅकोमीटरवर लक्ष ठेव, टॅको नसला तर बसवून घे. गावात २००० ते ३०००. घाटात तिसऱ्या गिअरला ३००० ते ४५००. फोर-लोला (फोर-व्हील ड्राइव्हच्या हळू गिअरला) दगडातनं चढवताना १५०० ते २५००. टीएसडीमध्ये तर सरासरी वेग आयोजकांनीच ठरवून दिलेला असतो, तिथं नेव्हिगेटर आणि घड्याळ जिंकवतंय, कॅम नाही. मग ६५०० ला ताकद देणारा कॅम घेऊन करणार काय? २८८ चा कॅम टाकलास तर पहिल्याच दिवशी सिग्नलवर क्लच सोडताना गाडी मार खाईल आणि दगडावर चाक अडकलं की इंजिन बंद पडेल.

आता डिग्री म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण दुकानात याच आकड्यावर फसायला होतं. ड्युरेशन म्हणजे वॉल्व्ह किती डिग्री उघडा राहतो, आणि ती डिग्री क्रँकची (पिस्टन फिरवतो त्या दांड्याची) असते, कॅमची नाही, कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. पण वॉल्व्ह उघडा म्हणजे नेमका कुठनं मोजायचा? एक कंपनी मोजते वॉल्व्ह जरासा हलला तिथनं, दुसरी मोजते १ मिमी उचलला तिथनं, अमेरिकन मंडळी मोजतात ०.०५० इंचाला म्हणजे १.२७ मिमीला. त्यामुळं एकाचा २८८ हा १ मिमीला मोजला की बहुतेक वेळा २४५ ते २५० भरतो. दोन कॅमची तुलना करायची तर दोन्हीचे आकडे एकाच उंचीला मोजलेले पाहिजेत, नाहीतर तू शेर आणि किलोची तुलना करतोयस. कॅमसोबत कार्ड येत नसेल, म्हणजे ड्युरेशन किती उंचीला मोजलंय, लिफ्ट (वॉल्व्ह किती उचलतो) किती, लोब सेंटर (पिस्टन अगदी वर असण्यापासून किती डिग्रीवर वॉल्व्ह पूर्ण उघडतो) किती, टॅपेट गॅप किती हे छापील नसेल, तर तो कॅम घेऊ नको. नुसतं स्टेज २ लिहिलेल्या डब्याला काही अर्थ नाही.

ड्युरेशनपेक्षा मी जास्त बघतो तो इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा, वॉल्व्ह कधी बंद होतो ते. साधा हिशोब सांगतो. इनटेकचा लोब सेंटर ११० डिग्रीला धर. २६४ चा कॅम असेल तर इनटेक बंद होतो पिस्टन तळाला जाऊन परत वर यायला लागल्यावर ६२ डिग्रीनं. २८८ चा असेल तर ७४ डिग्रीनं. ७४ डिग्रीला पिस्टननं वर येण्याचा पाव रस्ता कधीच पार केलेला असतो, आणि तोवर वॉल्व्ह थोडा का होईना उघडाच. इंजिन ६५०० ला पळत असलं तर आत येणारी हवा स्वतःच्या जोरानं घुसतच राहते, फायदा होतो. पण २००० ला त्या हवेत तेवढा जोरच नसतो, पिस्टन तीच हवा परत इनटेक मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. कंप्रेशन गळालं. गाडी खालच्या आरपीएमला मेल्यासारखी वाटते ती यामुळं. मग लोक हेड फेसिंग करून, म्हणजे हेडची खालची बाजू घासून, कंप्रेशन वाढवतात, आणि ते बरोबरच आहे, पण पूर्ण हिशोब करून. तुझ्या इंजिनाचा एक सिलिंडर ३२४.७ सीसीचा, ९ चं कंप्रेशन असताना वरची जागा भरते ४०.६ सीसी, १० चं करायचं तर ३६.१, म्हणजे साडेचार सीसी कमी करायला लागतात. किती मिमी घासायचं हे ब्युरेटनं चेंबर मोजल्याशिवाय ठरवता येत नाही. अंदाजानं हेड घासणाऱ्याकडं जाऊ नको.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅप, म्हणजे एक्झॉस्ट बंद व्हायच्या आधी इनटेक उघडतो तो काळ. दोन्ही लोब सारखे असतील तर ड्युरेशनमधनं लोब सेपरेशनची (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबच्या मध्यांतलं अंतर, कॅमच्या डिग्रीत) दुप्पट वजा करायची. ११० च्या सेपरेशनला २६४ चा ओव्हरलॅप ४४, २८८ चा ६८. या ६८ नं आयडलिंगला गाडी डुगडुग करते, लोकांना तो आवाज लई आवडतो, मलाही आवडतो, पण तुझ्या इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे मॅप सेन्सर ठरवतोय, म्हणजे मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम बघून. व्हॅक्यूम कमी झाला की ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिनावर लोड आलाय, तो पेट्रोल वाढवतो, गाडी आयडलला काळा धूर मारते, प्लग काळे होतात, पीयूसीला अडकते. आणि ब्रेक बूस्टर पण त्याच व्हॅक्यूमवर चालतोय हे विसरू नको. घाट उतरताना पेडल दगडासारखं घट्ट लागलं तर हौस कुठल्या कुठं जाईल. रोज रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला मी आयडलचा व्हॅक्यूम गेजवर बघितल्याशिवाय सोडत नाही.

तुझं इंजिन सिंगल कॅमचं आहे, म्हणून अजून एक लक्षात ठेव. इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब एकाच दांड्यावर, त्यामुळं लोब सेपरेशन ग्राइंडिंग करतानाच ठरून जातं, नंतर बदलता येत नाही. वर्नियर पुली (डिग्रीत फिरवून लावता येणारी कॅमची पुली) लावून तू दोन्ही एकत्र पुढं-मागं करू शकतोस, बस. डबल कॅमवाल्यांना दोन पुल्या वेगवेगळ्या फिरवून चूक सुधारता येते, तुला येत नाही, म्हणून निवड सुरुवातीलाच बरोबर पाहिजे.

तर माझं मत. तुझा स्टॉक कॅम आधी मोज, डिग्री व्हील (क्रँकवर लावायची डिग्रीची चकती) आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून, १ मिमीला किती भरतो ते लिहून ठेव. नवीन कॅम त्यापेक्षा ८ ते १२ डिग्री जास्त, त्याच्यावर नाही. लिफ्ट पाऊण ते एक मिमी जास्त. सेपरेशन ११० च्या खाली नको. एवढ्यात खालची ओढ जवळपास शाबूत राहते, ३५०० च्या पुढं गाडी मोकळी होते आणि ६५०० पर्यंत दम टिकतो. लिफ्टचा हावरटपणा कशाला नको तर वॉल्व्हच्या व्यासाच्या पाव भाग लिफ्ट झाली की वॉल्व्हच्या कडेनं मिळणारी वाट आणि वॉल्व्हच्या तोंडाची वाट सारखी होते. ३० मिमीचा वॉल्व्ह असेल तर ती वेळ साडेसात मिमीला येते. त्याच्या वर लिफ्ट वाढवून फायदा होतो, पण तो पोर्ट किती मोकळा आहे त्यावर. पोर्ट, सीटचे कोन, वॉल्व्हच्या मागचा कार्बन तसाच ठेवून नुसती लिफ्ट वाढवली की स्प्रिंग आणि गाईड झिजतात, हातात काही येत नाही. तीन कोनांत नीट सीट कटिंग करून घे, तुझ्या गाडीला हा सगळ्यात स्वस्तातला फायदा आहे, आणि हेड उतरलेलंच असतंय.

आता कॅम नवा घ्यायचा का जुनाच रिग्राइंड करायचा, म्हणजे घासून त्याला नवा आकार द्यायचा. आपल्याकडं रिग्राइंड जास्त चालतं, स्वस्त पडतं, आणि नीट केलं तर चांगलंच चालतं. पण कॅम कशाचा बनलाय ते कळलं पाहिजे. बहुतेक जुन्या गाड्यांचे कॅम चिल्ड कास्ट आयर्नचे असतात. साच्यात जिथं लोब येणार तिथं लोखंडाचे चिल बसवतात, वितळलेलं लोखंड त्याला लागलं की झटकन थंड होतं आणि लोबच्या कातडीत कार्बाइडचा कडक थर तयार होतो, आत मात्र साधं बीड. ही कला आपल्या जवळचीच आहे, सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ ची कंपनी, तिथनं असे कॅम जगभरातल्या गाड्यांच्या कंपन्यांना जातात. पण हा कडक थर काही मिलिमीटरचाच असतो. रिग्राइंडमध्ये बेस सर्कल, म्हणजे लोबचा खालचा गोल भाग, घासून कमी करतात, तेव्हाच लिफ्ट वाढते, आणि जास्त घासलं की थर संपतो आणि मऊ बीड उघडं पडतं.

हे मी स्वतः भोगलंय. एक एस्टीम होती, स्थानिक ऑटोक्रॉससाठी तयार करत होतो, कॅम बाहेरनं एका ग्राइंडरकडनं करून आणला. पहिले पंधरा दिवस गाडी अशी पळाली की मालक रात्री फोन करून सांगायचा. मग टॅपेट वाजायला लागले. सेट केले. आठ दिवसांत परत वाजले. परत सेट केले, आणि ही माझी चूक, तिसऱ्यांदा पण सेट करूनच दिले. चौथ्यांदा कव्हर काढलं तर दोन लोबचं नाक गेलेलं, रॉकरच्या पॅडवर नाली पडलेली, आणि ऑइल चेंबरच्या तळाला चकचकीत चुरा. तो चुरा बेअरिंगपर्यंत गेला होता. क्रँक, बेअरिंग, ऑइल पंप, सगळं करावं लागलं, आणि निम्मा खर्च मी सोसला कारण हार्डनेस तपासायची जबाबदारी माझी होती. त्या दिवसापासून रिग्राइंड होऊन आलेला प्रत्येक कॅम मी रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मशीनवर, तपासतो, सी स्केलला ४५ च्या खाली आला तर बसवत नाही. उद्यमनगरात हार्डनेस टेस्टिंगवाले आहेत, शे-दोनशे रुपयांचं काम. तुझ्याकडं सातारा एमआयडीसीतही कुणीतरी सापडेल. आणि एक, टॅपेट परत परत सैल होत असेल तर ते सेटिंगचं दुखणं नसतं, काहीतरी झिजतंय.

त्याच प्रकरणातला दुसरा धडा रॉकरचा. त्या गाडीत कॅम नवा आणि रॉकर जुने होते. तुझ्या इंजिनात रॉकरचा पॅड लोबवर घासत चालतो, रोलर नाही, त्यामुळं जुना पॅड जुन्या लोबच्या आकारात बसलेला असतो. नव्या लोबवर तो जुना पॅड टाकला की दोन्ही खातात. रॉकर नवे घे, नाहीतर पॅड नीट रिफेस करून घे. रॉकर शाफ्ट बाहेर काढून नखानं चाचप, पायरी लागली तर शाफ्ट पण नवा. शाफ्टमधनंच वर ऑइल जातंय, तिथलं भोक गाळानं अर्धं बुजलेलं मी कितीदा बघितलंय. रिग्राइंड कॅमचं बेस सर्कल लहान झालेलं असतं म्हणून रॉकर खाली बसतो, टॅपेट स्क्रू जास्त बाहेर काढावा लागतो आणि स्क्रूचं टोक वॉल्व्हच्या मध्यावर न बसता कडेला सरकतं. निळा मार्किंगचा रंग लावून दोन फेऱ्या फिरव, ठसा वॉल्व्हच्या टोकाच्या मधोमध आला पाहिजे. कडेला येत असेल तर गाईड महिन्याभरात ढिले होतील. तसं असेल तर कॅम परत कर.

आता स्प्रिंग. इथं जरा सावकाश वाच. वॉल्व्ह उघडायचं काम कॅम करतो, पण कॅमच्या नाकावरनं खाली येताना वॉल्व्हला कॅमला चिकटवून ठेवायचं काम फक्त स्प्रिंगचं. आणि वॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी), रॉकर यांचा उडून जायचा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ६००० वरनं ७००० वर गेलास तर आरपीएम वाढलं सहावा हिस्सा, पण तो जोर वाढतो ३६ टक्के. वीस वर्षांची स्प्रिंग जिनं हजारो तास उष्णता खाल्लीय ती कंपनीच्या ६००० लाच जेमतेम पुरते, तिला नवा तीव्र लोब आणि ७००० दिलेस तर वॉल्व्ह हवेत तरंगणार. तरंगलेला वॉल्व्ह सीटवर आपटतो, परत उसळतो, आणि कधीतरी पिस्टनला भेटतो.

याची ओळख कशी पटते ते सांगतो. एक जिप्सी आली होती, ६२०० च्या पुढं मिसिंग. मालकानं प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली, पेट्रोल पंप बदलला, तीन गॅरेज फिरला. मी स्प्रिंग टेस्टरवर सोळा स्प्रिंगा लावल्या, सगळ्यांचं बळ वेगवेगळं, चार तर इतक्या मेलेल्या की हातानं कळावं. स्प्रिंगा बदलल्या आणि मिसिंग गेलं. ठरावीक आरपीएमलाच येणारं, लोड असो-नसो येणारं मिसिंग असेल तर इग्निशनच्या आधी स्प्रिंगकडं बघ.

स्प्रिंग निवडताना फक्त कडकपणा बघू नको. कॅम बनवणाऱ्यानं सीटवरचं आणि पूर्ण उघडल्यावरचं असे दोन्ही आकडे दिलेले असतात, तेच घे, जास्त कडक घेतलीस तर लोब, रॉकर पॅड आणि टायमिंग बेल्ट तिघांवर ताण. दुप्पट कडक स्प्रिंग घेऊन लोक खूश होतात आणि वर्षभरात लोब गुळगुळीत होतात. तुझ्या कामाला चांगल्या प्रतीची सिंगल स्प्रिंग पुरेल, डबल स्प्रिंगला (एकात एक दोन) हेडमधला खिसा कापावा लागतो आणि तिथं पाण्याची भिंत किती जाड आहे ते बघूनच हात घालावा. बसवताना तीन गोष्टी मी स्वतःच्या हातानं मोजतो, कामगारावर सोडत नाही. एक, पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांवर टेकायच्या आधी निदान दीड मिमी जागा उरली पाहिजे. दोन, रिटेनरची खालची कड आणि वॉल्व्ह सील यात पण तेवढीच, आणि हे लोक सगळ्यात जास्त विसरतात, मग सील फुटून गाडी निळा धूर मारते आणि दोष रिंगला देतात. तीन, प्रत्येक स्प्रिंगची बसवलेली उंची सारखी, कमी-जास्त असेल तर शिम (पातळ चकती) घालून पाव मिमीच्या आत आणायची, कारण सीट कटिंगनंतर प्रत्येक वॉल्व्ह वेगवेगळा वर आलेला असतो. रिटेनर स्टीलचेच घे, टायटॅनियम हलके असतात पण झिजतात, दर सीझनला बदलणाऱ्यांसाठी आहेत ते. लॉक (रिटेनरला वॉल्व्हवर धरून ठेवणाऱ्या खुंट्या) मात्र नवेच, तिथं पाच रुपये वाचवू नको.

मग पिस्टन आणि वॉल्व्हमधलं अंतर. स्टॉकला काही लागत नव्हतं म्हणून नव्या कॅमला लागणार नाही असं नसतं, त्यात हेड घासलेलं असेल तर अजून कमी. पिस्टनवर चिकणमाती, म्हणजे पोरं खेळतात ती क्ले, तेलाचा हात लावून ठेवायची, हेड जुन्या गॅसकेटवर टॉर्कनं आवळायचं, टॅपेट सेट करून हातानं दोन पूर्ण फेऱ्या, मग हेड काढून क्ले कापून सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरनं मोजायची. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला अडीच मिमी, त्याच्या खाली मी जात नाही. वॉल्व्ह सगळ्यात जवळ येतात ते टॉपला, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना, नाही, इनटेक टॉपनंतर दहा-पंधरा डिग्रीनं आणि एक्झॉस्ट टॉपच्या आधी तेवढ्यानं, म्हणून टॉपला धरून हलवून बघणारा फसतो. आणि फेरी फिरवताना कुठं अडकलं तर जोर लावायचा नाही, तिथंच थांबायचं.

कॅम डिग्रीनं लावल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही. नुसती पुलीची खूण जुळवून चालत नाही, कारण हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टची घट्ट बाजू आखूड होते आणि कॅम थोडा मागं पडतो. म्हणून वर्नियर पुली पाहिजेच, खर्च करायच्या जागांमध्ये ही वरच्या नंबरला. प्लगच्या भोकातनं पिस्टन स्टॉप लावून खरा टॉप शोधायचा, मग इनटेकच्या रिटेनरवर डायल गेज, पूर्ण लिफ्टच्या आधी १ मिमी आणि नंतर १ मिमी अशा दोन जागांच्या डिग्री लिहायच्या. समजा ७० आणि १४६ आल्या तर मधली १०८, कार्डवर ११० असेल तर तुझा कॅम दोन डिग्री पुढं आहे. तुझ्यासारख्या वापराला मी मुद्दाम दोन डिग्री पुढंच ठेवीन, इनटेक लवकर बंद होतो, खालची ओढ थोडी परत मिळते.

बाकीचं पटकन. हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) फोर-टू-वन घे, म्हणजे चाराच्या दोन आणि मग एक होणारा, फोर-टू-वनला मधल्या आरपीएमची ओढ चांगली, फोर-वन, म्हणजे चाराची थेट एक, वरच्या आरपीएमसाठी. ईसीयू जुना आहे, त्याला पिगीबॅक (जोडीचा छोटा कॉम्प्युटर) किंवा स्टँडअलोन (पूर्ण वेगळा) लागेल, आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून फुल थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं मिश्रण १३ ला १ च्या जरा खाली आलं पाहिजे. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप नवे, कारण परत उघडायचं नाहीये. इंजिन बॉटम (क्रँक, पिस्टन, बेअरिंग) स्टॉक असेल तर ७००० च्या वर आरपीएमचा लिमिटर ठेवू नको, त्या वेगाला पिस्टनचा सरासरी वेग १७.६ मीटर सेकंदाला होतो, चांगल्या बेअरिंगला ते झेपतंय, वीस वर्षांच्या बेअरिंगला विचारू नको. आणि रस्त्यावरच्या गाडीत बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घे, रॅलीला उतरणार असशील तर त्या वर्गात कॅम बदलायला परवानगी आहे का ते नियमपुस्तकात आधी बघ. कॅम बदलून तू वरच्या क्लासमध्ये ढकलला जाशील आणि तिथं तुझ्यासमोर पूर्ण रेससाठी बांधलेल्या गाड्या असतील.

खर्च वसूल होईल का विचारलंस. तुझ्या जागी मी असतो तर आधी कंप्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघायची टेस्ट) केली असती. चार सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कॅमचा विचारच सोड, ते पैसे रिंग, गाईड, सीटमध्ये घाल. कितीतरी गाड्या अशा आल्यात की मालक कॅम मागत आला आणि नीट टॉप ओव्हरहॉल, टॅपेट आणि टायमिंग बरोबर लावून दिल्यावर म्हणाला की आता कॅम नको. थकलेल्या इंजिनाला मोठा कॅम म्हणजे दम लागलेल्या माणसाला गड चढायला लावणं. इंजिन तंदुरुस्त निघालं तरच पुढं जा, आणि पैसे कमी पडले तर कॅम पुढच्या वर्षी ढकल पण स्प्रिंगा आणि सीटचं काम या वर्षीच कर. उलटं कधीच करू नको.

शेवटचं काम ब्रेक-इन. लोबवर आणि रॉकर पॅडवर मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट भरपूर. सुरू करायच्या आधी पेट्रोल, इग्निशन, कूलंट सगळं तपासून ठेव, म्हणजे पहिल्याच स्टार्टरला इंजिन पेटलं पाहिजे. नुसता स्टार्टर मारत बसलास तर लोबवरची पेस्ट पुसली जाते आणि कोरड्यावर लोब घासतो. पेटलं की आयडलला सोडायचं नाही, लगेच २००० ते २५०० च्या मधे वर-खाली करत वीस मिनिटं, कारण कॅमवर तेल उडतं ते वेगानं, आणि आयडलला नाकावर दाब सगळ्यात जास्त असतो. तेल १५डब्ल्यू४० सीआय-४ डिझेलचं चालेल, त्यात झिंक-फॉस्फरस जास्त असतं आणि घासत चालणाऱ्या पॅडला तेच वाचवतं, नव्या पेट्रोल तेलांच्या पातळ ग्रेडमध्ये ते मुद्दाम कमी केलेलं आहे. वीस मिनिटांनी बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर, कार्डवर दिलेल्या गॅपला टॅपेट परत सेट कर. कार्डवर गॅप गरम इंजिनाचा दिलाय का थंड इंजिनाचा तेही बघ, ॲल्युमिनियमचं हेड गरम झालं की गॅप बदलतो.

टॅपेटबद्दल एक युक्ती सांगून थांबतो, जुन्या मिस्त्रींकडनं शिकलोय. कॅम लहान पडतोय का मोठा हे कळायला कॅम बदलावा लागत नाही. सगळे गॅप ०.०५ मिमीनं सैल करून तोच घाट त्याच गिअरला चढव. सैल केलं की ड्युरेशन थोडं कमी होतं. गाडी खालनं जास्त बरी ओढायला लागली तर तुझा कॅम वापराच्या मानानं मोठा आहे, मेली तर बरोबर आहे. फक्त तपासण्यापुरतं कर, मग परत कार्डवर आण. ५०० किमी झाले की तेल आणि फिल्टर बदल, जुना फिल्टर कापून कागद उन्हात उलगडून बघ, चकाकी दिसली तर गाडी तिथंच उभी कर आणि मला फोटो पाठव. आत्ता पहिल्यांदा मात्र चारी सिलिंडरचं कंप्रेशन मोजून आकडे पाठव, इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारी प्लग काढलेले.